डोंगराची वही: वणव्याच्या नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरलं. मागच्या आगीचं कोणी काहीच लिहिलं नव्हतं आणि आता एकजण म्हणतो होळीच्या आधी लागली, दुसरा म्हणतो नाय नाय होळीनंतर, झाडं किती गेली विचारलं तर ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा आकडा. वही म्हणजे काय, फोनमध्येच टाईप करतोय, ग्रुपवर पण टाकत जाईन.

थोडं मागचं सांगतो. डोंगर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडी आणि शिखर शिंगणापूरच्या मधल्या पट्ट्यात. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही आला तर. २०१८ ला वॉटर कपच्या, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेच्या वेळी गावानं इथं सीसीटी, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडवे सलग चर मारले, मग २०१९ पासून तीन वर्षं झाडं लावली, टँकरनं पाणी घातलं, आणि चराईबंदी कुऱ्हाडबंदी केली. बंदी एकदम कडक. शेळी दिसली की दंड. २०२२ ला पाऊस बरा झाला, गवत कमरेला लागलं, आम्ही त्यात उभं राहून फोटो काढले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये एका दुपारी सगळं गेलं. गवत आम्हीच राखलं होतं आणि त्या गवतानंच झाडं जाळली, हे कळायला मला वर्ष लागलं.

२०२३ ला पाऊसच नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात गावात टँकर होते आणि डोंगरावर जाळायला काडी नव्हती, त्यामुळं आग लागली नाही, आणि आम्ही म्हणत होतो लोकं सुधारली! लोकं कुठली सुधारतायत, गवत नव्हतं म्हणून आग नव्हती. आपल्या भागात दुष्काळाच्या वर्षी डोंगर वाचतो आणि चांगल्या पावसाच्या पुढच्या उन्हाळ्यात जळतो. यंदा पाऊस चांगला झालाय. आज वर जाऊन आलो, गवत परत कमरेला.

१७ नोव्हेंबर

वनखात्याच्या गार्डसाहेबांबरोबर हद्द फिरलो. खालचं निम्मं गायरान ग्रामपंचायतीचं, वरचं निम्मं वनखात्याचं, मधी दगडी बुरूज. खात्याच्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, खातं मारणार, गायरानात आपण मारायची, आणि पेटवायच्या दिवशी गार्ड हजर पाहिजे, त्याशिवाय काडी ओढायची नाही.

कायद्याचं पण त्यांनी समजावून सांगितलं, भारतीय वन अधिनियम १९२७. कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा हे माहीत होतं, पण त्याच कलमात असं पण आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं लागली तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि बाकीचे हक्क काही काळ बंद ठेवू शकतं. म्हणजे पेटवणार एक आणि गवत बंद अख्ख्या गावाचं. आणि कलम ७९ प्रमाणे ज्याला जंगलातून चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क आहे त्यानं वणव्याची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक. ही दोन्ही कलमं देवळाच्या भिंतीवर लिहायचीत.

जाळरेषा ६ मीटर रुंद, गायरानाच्या खालच्या अंगानं आणि दोन्ही बाजूनं, मिळून अंदाजे अडीच किलोमीटर. बोलायला सोपं आहे.

२४ नोव्हेंबर

आज काम नाही पण महत्त्वाचं बोलणं झालं. मेंढक्या तात्यांकडं गेलो होतो. त्यांचा वाडा दिवाळीनंतर हलतो, पोरं मेंढरं घेऊन खाली गेलीत, तात्या गुडघ्यामुळं मागं राहिलेत.

मी सरळ विचारलं, तात्या लोकं डोंगर पेटवतात कशाला. म्हणले, "तू कधी मेंढराच्या अंगातलं कुसळ काढलंयस का?" मग त्यांनी दाखवलं. आमच्या डोंगरावर आता नव्वद टक्के गवत कुसळीचं. दिवाळीपर्यंत त्याला कुसळ पक्कं होतं, टोक सुईसारखं आणि शेपटाला पीळ. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन लागलं की परत बसतो, आणि असं करत करत कुसळ मातीत भोक पाडून आत जातं. लोकरीत शिरलं की तिथं पण तेच करतं, कातडीत घुसतं, मेंढराच्या तोंडात जखमा होतात. म्हणून दिवाळीनंतर त्या गवताला कोणी हात लावत नाही. कापायला उपयोग नाही, चारायला उपयोग नाही, मग काडी.

आणि पुढचं ऐकून मी गप्पच झालो. म्हणले आमच्या लहानपणी इथं पवना आणि मारवेल होतं, जाळून जाळून कुसळी राहिली, कारण तिचं बी मातीत खोल बसलेलं असतं, ते जळत नाही, चांगल्या गवताचं वर राहतं ते भाजून जातं. म्हणजे कुसळाच्या रागानं जाळायचं आणि त्यानं कुसळच वाढवायचं!

मग उपाय? तात्या म्हणले कुसळ पक्कं व्हायच्या आधी, भाद्रपद-अश्विनात, हिरवं असताना कापा, जनावरं खातात. तुम्ही बंदी घातली, आता भोगा. बरोबर आहे. यंदाची वेळ गेली. यंदा फक्त जाळरेषा.

१५ डिसेंबर

तीन रविवार कापणी चाललीय. सुरुवातीला ४० जण आले, आज १४. जाळरेषा म्हणजे सहा मीटरचा अख्खा पट्टा कापायचा नाही, दोन्ही कडांना हातभर रुंदीच्या पट्ट्या खरवडून साफ करायच्या आणि मधलं गवत आडवं पाडून वाळवायचं, मग दोन पट्ट्यांच्या मधी ते जाळायचं. खुरप्यानं खरवडताना हाताला फोड. बचत गटाच्या वहिनी आणि काकू नसत्या तर हे काम होळीपर्यंत संपलं नसतं, त्यांच्या विळ्याचा स्पीड बघून आम्ही पोरं लाजलो.

पूर्वेच्या अंगाला जुनी पायवाट आहे, बरीच मोकळी, तिथं साधारण ४० मीटर काही करायची गरज नाही असं ठरलं. (हे ठरवणारा मीच होतो, लिहून ठेवतो.)

५ जानेवारी २०२५

सामान जमवलं. एक पेट्रोल ब्लोअर, पाला आणि गवत उडवून रेषा साफ करायला भारी, वाऱ्यानं बारीक जाळ पण मागं रेटता येतो. फवारणीचे १६ लिटरचे पंप सहा, ते शेतकऱ्यांचे घरचेच. टायरचे हातभर पट्टे कापून बांबूला ठोकले, अशी दहा झोडपणी केली. निरगुडीच्या ओल्या डहाळ्या आहेतच. बारदानं भिजवायला पाण्याच्या तीन टाक्या तीन ठिकाणी ठेवल्या.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या, म्हणजे डेहराडूनवाल्यांच्या साईटवर नंबर रजिस्टर केला, आपल्या भागात सॅटेलाईटला आग दिसली की मेसेज येतो. खात्याची हेल्पलाईन १९२६, हॅलो फॉरेस्ट, ती सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावली.

गार्डसाहेबांनी अर्धा तास शिकवलं. आग चढाला पळते, वर असलेलं गवत जाळाच्या झळीनं आधीच भाजून तयार असतं, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीच थांबायचं नाही. समोरून भिडायचं नाही, मागून आणि कडेनं मारत यायचं. अडकलात तर जे जळून काळं झालंय तिकडं पळा, तिथं परत काही जळत नाही. कपडे सुती, टेरिकॉट नायलॉन अजिबात नाही. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स सापडले होते वणव्यात, वीसच्या वर माणसं गेली, तेही असलंच वाळलं गवत आणि चढ. हे ऐकल्यावर पोरांचं हसणं खिदळणं बंद झालं.

१९ जानेवारी

आज आम्हीच आग लावली. लिहायला जीवावर येतंय पण वही त्यासाठीच आहे.

जाळरेषा पेटवायचा दिवस. गार्ड हजर. गवत इतकं बारीक असतं की हवेतला दमटपणा तासाभरात धरतं आणि तासाभरात सोडतं, म्हणून सकाळी दव असताना सुरू करायचं आणि ऊन तापायच्या आत थांबायचं. साडेसातला सुरू केलं, मस्त चाललं होतं, जाळ गुडघ्याएवढा, दोन्ही बाजूनं माणसं. साडेदहाला गार्डसाहेब म्हणले आता बस, बाकीचं उद्या. आम्ही म्हणलो राहिलंय किती, दीडशे मीटर तर आहे, उद्या परत माणसं कुठनं आणायची, आणि आम्ही इतके मागं लागलो की ते हो म्हणले. अकराला वारा फिरला. एक झुपका उडाला, खरवडलेली पट्टी ओलांडून पलीकडं पडला, आणि मी पाणी पीत होतो. पाठ वळवली होती फक्त.

दोन एकर गेलं गायरानाचं. झाडं त्यात तीस-पस्तीस. विझली ते ब्लोअरमुळं आणि खडकामुळं, आमच्या शहाणपणामुळं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. वाटलं होतं लोकं धुऊन काढतील आणि काढलंच. "वणवा थांबवायला निघाले आणि स्वतःच पेटवला" हे वाक्य आता वर्षभर ऐकायचंय. मी उभं राहून सांगितलं की चूक आमची, थांब म्हणलं असताना थांबलो नाही.

पण त्याचा एक फायदा झाला जो मी धरला नव्हता. एक आजोबा उठले आणि म्हणले माझ्याकडनं पण एकदा बांध जाळताना आग वर गेली होती, सात-आठ वर्षं झाली, कोणाला सांगितलं नाही. मग दुसरा. एरवी आग लागली की "अज्ञात इसम", आणि गावात सगळ्यांना माहीत असतं इसम कोण ते. ठराव झाला: बांध किंवा पाचट जाळायचं असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर सांगायचं, सकाळी नऊच्या आत, आणि दोन माणसं पंप घेऊन मदतीला येतील. दंड नाही. दंड ठेवला की लोकं लपवतात.

१५ फेब्रुवारी

आजपासून खात्याचा वणव्याचा हंगाम सुरू, १५ जूनपर्यंत. राहिलेली रेषा २ तारखेला सकाळी साडेनऊच्या आत संपवली. धूर दिसतोय का बघायला दुपारी १२ ते ६ टेकाडावर पाळी, रोज दोघं. कॉलेजची पोरं अभ्यास करत बसतात तिथं, रेंज चांगली आहे हेच खरं कारण.

आतापर्यंत ग्रुपवर नऊ जणांनी बांधाचं सांगून जाळलं. चांगलं वाटलं.

१२ मार्च, बुधवार, रात्री

आग लागली. हात थरथरतायत म्हणून थोडं थोडं टाईप करतो.

३:४० ला टेकाडावरनं फोन, धूर. मी शेतात होतो, बघितलं तर धूर आमच्याच वावराच्या बाजूला. माझ्या चुलत्यानं बांध पेटवला होता. सांगून नाही, सकाळी नाही, भर दुपारी, एकट्यानं. का तर मोटारीची लाईट रात्री येते, रात्री पाणी धरायचं होतं आणि त्याआधी बांध साफ पाहिजे होता. दरवर्षी असंच करतो म्हणे, कधी काही झालं नाही. मी पोचलो तेव्हा तो बारदान घेऊन एकटाच झोडपत होता, भुवया जळलेल्या, आणि आग गायरानात शिरली होती.

रेषेनं काम केलं. पश्चिमेकडं चारेकशे मीटर आग येऊन रेषेला टेकली आणि जागेवर बसली, मी आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नसेल. आणि मग ती कडेनं सरकत पूर्वेच्या पायवाटेला गेली. तीच पायवाट, ४० मीटर. फेब्रुवारीपासून तिकडं कोणी फिरकलंच नव्हतं, दोन्ही बाजूचं गवत वाळून वाटेवर आडवं पडलेलं, तिथनं ती सरळ आत गेली.

भोंग्यावर सांगितल्यावर माणसं खूप आली, ऐंशी तरी असतील, निम्मी चपलेवर. एक पोरगा झोडपणं घेऊन वरच्या अंगाला गेला, गार्डसाहेब असे ओरडले की डोंगर घुमला, मग तो कडेच्या काळ्या पट्ट्यात उतरला. दोन मिनिटांत तो जिथं उभा होता तिथं पुरुषभर जाळ. सहानंतर वारा पडला, मग मागून आणि दोन्ही कडांनी मारत मारत सव्वासातला विझली. कोणाला मोठं काही नाही. चुलत्याच्या हाताला फोड, दोघांच्या पायाला चटके.

सॅटेलाईटचा मेसेज आला नाही. येणार पण नव्हता, ते सॅटेलाईट दुपारी दीडच्या आसपास जातात आणि मग रात्री दीडच्या. आमची आग मधल्या वेळेत लागली आणि विझली. टेकाडावरची पोरं नसती तर आम्हाला गावातनं धूर दिसेपर्यंत वर काही राहिलं नसतं.

१३ मार्च

सकाळी ११ ला परत धूर! विझली म्हणून सगळे झोपायला गेलो होतो. वाळलेल्या शेणाच्या पोवट्या आतल्या आत धुमसत राहतात, रात्रभर, वरून काही कळत नाही, आणि घायपाताची वठलेली खोडं पण तशीच. एक पोवटी उतारावरनं गडगडत न जळलेल्या गवतात आली असणार. दोन गुंठ्यांवर आटोपलं. मग दुपारभर सहाजण नुसतं हात पालथा धरून राखेवरनं फिरत होते, जिथं ऊब लागेल तिथं उकरून पाणी ओतायचं. हे काल रात्रीच करायला पाहिजे होतं.

आज होळी. गावात कोणाचाच पेटवायचा मूड नव्हता. पाच गोवऱ्यांची केली, शेजारी पंप घेऊन दोघं उभे, आणि पोळीचा नैवेद्य. म्हातारी माणसं पण काही बोलली नाहीत.

१६ मार्च

मोजणी केली, यावेळी लिहून. जळालं सुमारे ७ एकर, त्यातली झाडं २१२. ड्रिपची नळी ३०० मीटर वितळून दगडाला चिकटलीय, झाडांच्या हिरव्या जाळ्या तर गायबच. दगडाआड तित्तराचं घरटं होतं, अंडी भाजलेली. त्याचा फोटो काढला नाही.

बैठकीत एकजण म्हणाला चुलत्याचं नाव घालून तक्रार द्या, नाहीतर उद्या सगळे असंच करतील. दुसरा म्हणाला जानेवारीत तुम्ही दोन एकर जाळलं तेव्हा कुठं होती तक्रार. चुलता कोपऱ्यात बसून होता, हाताला पट्टी. मी काय बोलणार, एका बाजूला रक्ताचं नातं आणि दुसऱ्या बाजूला ती पायवाट माझ्याच डोक्यातली. गार्डसाहेबांनी पंचनामा केलाय, बुरुजाच्या वर थोडं गेलंय म्हणून, पुढचं खातं बघेल.

चुलता जाताना म्हणाला, नळीचे पैसे मी देतो. आणि खरं सांगू का, ग्रुपवर सांगायचं ठरलं होतं ते त्याला माहीतच नव्हतं. त्याचा फोन बटणाचा आहे. गावात असे किती असतील, आम्ही विचारच केला नव्हता. आता भोंग्यावर पण सांगायचं आणि ज्यांच्याकडं साधा फोन त्यांच्या घरी जाऊन.

९ एप्रिल

शिंगणापूरची यात्रा, कावडी चालल्यात. वाटेनं माणसं झाडाखाली तीन दगड मांडून स्वयंपाक करतात, त्यांना नाही म्हणता येत नाही आणि म्हणू पण नये. आम्ही ओढ्याकाठी एक जागा खरवडून, चुली मांडून, पाण्याची टाकी ठेवून दिली. सगळे तिथंच थांबले. सोपं होतं की हे.

२५ मे

पाऊस! मे महिन्यात असा पाऊस मी तरी बघितला नाही, ओढे नाले सगळे वाहतायत, मान्सून पण लवकर आलाय. वणव्याचा हंगाम कागदावर अजून २१ दिवस बाकी आहे पण टेकाडावरची पाळी आज बंद केली.

पावसातच वर जाऊन आलो. जळालेल्या अंगाचं पाणी काळं येत होतं, राख आणि माती दोन्ही, तिथल्या सीसीटी निम्म्या भरल्या गाळानं. रेषेच्या पलीकडं, जिथं आग टेकून थांबली होती, तिथं पाणी हळू आणि बरंच स्वच्छ. दोन्ही बाजूंचं पाणी दोन बाटल्यांत भरून आणलंय, पंचायतीच्या खिडकीत ठेवलंय.

८ जून

चुलता स्वतःहून म्हणाला चल डोंगरावर. वर गेल्यावर बोट दाखवून म्हणतो, "बघ, जळलं तिथं आधी हिरवं झालंय." आणि झालंय खरं. काळ्या जमिनीला ऊन जास्त लागतं, वर वाळकं गवत नाही म्हणून कोंब लगेच दिसतो, राखेचं खत पण थोडे दिवस मिळतं. लोकं जे म्हणतात ते डोळ्यांनी बघूनच म्हणतात, त्यांना खोटं पाडून उपयोग नाही.

मी काही बोललो नाही, तात्यांना सोबत आणलं होतं. ते काठी टेकत खाली बसले, चार ठिकाणचं उपटून मुळापाशी बघितलं, चुलत्याच्या हातात दिलं आणि म्हणले, "सगळी कुसळीच हाय ही. तुझ्या मेंढरांच्या नशिबात."

मग रेषेच्या पलीकडं गेले. तिथं एका जुन्या बुडख्याला मारवेल फुटलेलं सापडलं, तीन-चार ठोंब असतील. भोवती दगड मांडून आलो.

२१२ मधली ५८ झाडं बुडातनं फुटलीत. बोर आणि पळस जवळजवळ सगळे, कडुनिंब बरेच, वड पिंपळ एकही नाही.

कापणी घटस्थापनेच्या आधीच्या दोन रविवारी, कुसळ पक्कं व्हायच्या आत. गवत ज्याचं त्यानं न्यायचं, पैसे नाहीत. पूर्वेच्या पट्ट्यातनं तात्यांची मेंढरं जाणार, बंदी उठवलीय तिथली. चुलत्यानं पहिलं नाव लिहिलंय, दोन विळे, आणि पायवाटेचे ४० मीटर मी घेतलेत.